जिथं 'ले', तिथं 'ला'

गजेंद्रभाऊंची पोरगी रक्षा एका सकाळी प्रभाकररावांच्या जिनिंगच्या फाटकाशी कापडी पिशवी घेऊन उभी होती, आणि पिशवीला कान लावून काहीतरी ऐकत होती. एवढंच झालं. पण आमच्या मोहल्ल्यात संशय यायला एवढंही लागत नाही. मागे एकदा पोस्टमन नुसता बुटाची नाडी बांधायला रस्त्यात खाली बसला होता, तर तीन घरांनी दारं लावून घेतली होती.

"काय हाये वं त्या पिशवीत?" प्रभाकररावांनी विचारलं.

"टेपरेकॉर्डर हाये, काका."

"कायले?"

"आवाज भरून राह्यली."

आवाज भरणं म्हणजे रेकॉर्डिंग, हे आमच्या सिंदी रेल्वे गावात कोणालाही कळतं. शहाण्णव साल होतं, घरोघरी टेप होते, लोक स्टेशनरोडच्या दुकानातून कॅसेटी भरून आणायचे. पण प्रभाकरराव कापसाचे व्यापारी. भरणं म्हटलं की त्यांच्या डोक्यात दोनच गोष्टी यायच्या, कान भरणं आणि दंड भरणं. त्यांनी आपल्या वजनकाट्याकडे पाहिलं. काटा रोज करकरायचा तसाच करकरत होता. पण त्या दिवशी त्यांना वाटलं, साला, हा सगळं सांगून राह्यला.

"कोनाले पाठवतं थे आवाज?"

"नागपूरले. रेडिओवाल्यायले."

"केळझरच्या गनपतीची शपथ?"

"गनपतीची शपथ, काका."

"शपथ घेताना पिशवी खाली ठेव आधी."

पोरीनं पिशवी खाली ठेवली आणि परत शपथ घेतली. प्रभाकररावांचा त्यामुळे संशय पक्का झाला. खरं बोलणारा माणूस एवढ्या लवकर शपथ घेत नाही, असं त्यांचं म्हणणं.

खरी गोष्ट अशी होती. रक्षा वर्ध्याला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती, पॅसेंजरनं जायची-यायची. कॉलेजच्या बोर्डावर तिला एक कागद दिसला. नागपूरच्या रेडिओनं विद्यार्थ्यांसाठी श्रुतिकेची स्पर्धा ठेवली होती. श्रुतिका म्हणजे नुसतं कानांनी पाहायचं नाटक. पंधरा मिनिटांची, स्वतः भरलेली, आणि अट अशी की बोली आपल्या गावचीच पाहिजे. ज्याची कॅसेट निवडली जाईल त्याला नागपूरला दोन महिने शिकवणार, पुढे रेडिओवर कामही देणार. रक्षानं घरी सांगितलं. गजेंद्रभाऊंचं किराण्याचं दुकान होतं, त्यांनी पुडी बांधता बांधता निकाल दिला.

"निवडली तर जाजो नागपूरले. नाई निवडली तर गुपचूप डी.एड.चा फॉर्म भरजो. मास्तरीन होजो."

मोहल्ल्यातल्या अर्ध्या पोरी डी.एड. झाल्या होत्या किंवा होणार होत्या. रक्षाला ते नको होतं. तिला आवाज पाहिजे होते.

तर तिनं 'हरवलेली म्हैस' नावाची श्रुतिका लिहिली, आणि सुरू झाले प्रयोग. पावसाचा आवाज पाहिजे, तर गरम तेलात एकेक मूठ पोहे टाकून भरला. एक किलो पोहे गेले, पाऊस दोन मिनिटांचा पडला. म्हशीची पावलं पाहिजेत, तर ओलं पोतं अंगणात आपटलं. म्हशीचा घोगरा आवाज मात्र काही केल्या जमेना. गावातल्या म्हशी टेप पाहिला की तोंड मिटून घ्यायच्या. शेवटी एका दुपारी गजेंद्रभाऊ जेवून आडवे झाले आणि रक्षानं त्यांच्या नाकाशी टेप धरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः ती कॅसेट ऐकली.

"वा! कोनाची हाये म्हैस?"

"घरचीच हाये, बाबा."

अडलं ते माणसांवर. कॉलेजच्या मैत्रिणी बातम्या सांगितल्यासारख्या बोलायच्या. म्हणून रक्षा पिशवी घेऊन मोहल्ल्यात निघाली. नळावर प्रमिलाबाईंचा आवाज स्टेशनपर्यंत जायचा. प्रमिलाबाई तेव्हा एकीला ऐकवत होत्या, "काऊन वं, तुह्या बापाचा नळ हाये काय? माही पान्याची गुंडी काऊन सरकवली?" रक्षानं बटण दाबलं. टक् असा आवाज झाला. प्रमिलाबाईंनी पिशवीकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "अहो ताई, कृपया रांगेत उभ्या राहा."

असंच सगळीकडे. पानठेल्यावर रक्षा आली की शिव्या बंद आणि 'नमस्कार, हवा छान आहे' सुरू. एकतर आमच्यातल्या निम्म्यांना वाटायचं की पोरगी कोणासाठी तरी पुरावे गोळा करून राह्यली. कोणी म्हणे विक्रीकरवाले, कोणी म्हणे तिच्या मावशीच्या सासरचे. आणि उरलेल्या निम्म्यांना वाटायचं, रेडिओवर आपलं नाक कापलं जाऊ नये. नागपूर ऐकेल, चंद्रपूर ऐकेल, म्हणतील काय गावंढळ लोक आहेत. पुरावा असो की अब्रू, दोन्हीवर इलाज एकच, शुद्ध बोलायचं.

पण शुद्ध बोलायचं कसं? त्याला आमच्याकडे पुंडलिकराव होते. पुंडलिकराव भजनमंडळाचे अध्यक्ष, शिवाय डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्यात अकरा दिवस भाच्याकडे राहून आलेले. एका डोळ्याला पट्टी होती, कान मात्र दोन्ही मोकळे होते, त्यामुळे त्यांना पुणेरी भाषा पूर्ण समजली होती. त्यांनी ओट्यावर मोहल्ला जमवला.

"लय सोपं हाये. आपन काय म्हनतो? मले, तुले, त्याले. पुन्यात काय म्हनते? मला, तुला, त्याला. म्हनजे काय झालं? जिथं 'ले', तिथं 'ला'. खलास."

"सगळीकडे?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"सगळीकडे. अर्धवट शुद्ध बोलनं म्हनजे अर्धी दाढी करनं."

एवढं सोपं असताना शाळेत सात-सात वर्षं काय शिकवतात, असा उलट संशय आम्हाला आला. दोन दिवस झकास गेले. मला, तुला, बाजारला, सगळं बरोबर. तिसऱ्या दिवसापासून भाषा हाताबाहेर गेली. प्रमिलाबाईंचं लेकरू 'लाकरू' झालं. त्यांच्या नवऱ्याचा लेंगा 'लांगा' होऊन दोरीवर वाळू लागला. कोणी विचारलं स्वयंपाक झाला काय, तर "होय, मी भात केलाला आहे" असं उत्तर यायचं. रक्षा टेप घेऊन कपाळाला हात लावून बसायची. तिला वऱ्हाडी पाहिजे होती, आणि हे जे काय होतं ते कोणत्याच गावचं नव्हतं.

यात फक्त एक माणूस होरपळला. दत्तोपंत गुरुजी.

दत्तोपंत आमच्या शाळेचे माजी मुख्याध्यापक. तीस वर्षं त्यांनी पोरांच्या तोंडातून 'मले' काढण्यात घालवली. कोणी "गुरुजी, मले जाऊ द्या" म्हटलं की ते "'मला' म्हण, मग जा" असं सांगायचे, आणि तेवढ्यात कितीतरी पोरांचा वर्गातच कार्यक्रम होऊन जायचा. असा माणूस. रोज सकाळी मोहल्ल्यातून फिरायला निघायचा, आणि सगळे ओट्यावरून म्हणायचे, "गुरुजी आले, गुरुजी आले."

आता 'आले'मध्येही 'ले' आहे.

"गुरुजी आला," पुंडलिकराव म्हणाले.

"बसला काय?" आतून आवाज आला.

"नाही बसला. पुढे गेला."

दत्तोपंतांनी पहिल्या दिवशी कान कोरला. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम उलट्या रस्त्यानं आले. तिथे प्रमिलाबाई होत्या. "या बाजूनं पण आला," त्या म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी गुरुजींना खात्री पटली, की मोहल्ल्यानं बैठक घेऊन त्यांना अरे-तुरे करायचं ठरवलं आहे. कोणाचं कारस्थान असेल? कोण कोण नापास झालं होतं, हे ते जुन्या रजिस्टरमधून आठवू लागले. यादी फार मोठी निघाली.

नेमकी त्याच दिवशी, शुक्रवारी, रक्षा त्यांच्या दारात गेली. स्पर्धेच्या फॉर्मवर शेवटी एक रकाना होता. 'ध्वनिफितीतील बोली याच गावची असल्याचा दाखला, सही मुख्याध्यापक, आजी किंवा माजी.' आजी मुख्याध्यापक कोल्हापूरकडचे होते. त्यांना आमची बोली अजून भांडणासारखी वाटायची, आणि भांडण प्रेमासारखं. राहिले माजी.

"म्हणजे या यंत्राचा आणि माझा काहीतरी संबंध आहे तर," दत्तोपंत म्हणाले. "हे यंत्र मोहल्ल्यात आल्यापासूनच मला 'आला-गेला' सुरू झालं आहे. आधी ऐकणार. सगळ्यांसमोर ऐकणार. मग सही."

फॉर्म मंगळवारी नागपूरला पोचायला पाहिजे होता. रक्षाकडे नीट भरलेलं असं काहीच नव्हतं. होतं ते घेऊन रविवारी दुपारी तिनं अंगणात स्टुलावर टेप मांडला. सगळा मोहल्ला आला. प्रभाकरराव सुद्धा आले, मांडीवर कापसाची पिशवी घेऊन. ते सारखे पिशवीत हात घालत होते. आम्हाला वाटलं खारे दाणे असतील, पण ते कोणाला देईनात.

रक्षानं बटण दाबलं. आधी पोह्यांचा पाऊस पडला. लोकांनी माना डोलावल्या. मग पानठेला आला आणि पुंडलिकरावांचा स्वच्छ, शुद्ध आवाज अंगणभर पसरला.

"काल आपला गुरुजी आला. ओट्यावर बसला. चहा पिला. आणखी मागितला. मग गेला."

दत्तोपंत उभे राहिले. आणि तीस वर्षांचं शुद्ध मराठी एका क्षणात खाली पडलं.

"अबे पुंडलिक्या! मी का तुह्या घरचा गडी हावो काय बे? मले अरे-तुरे करून राह्यला, अन् थेही रेडिओवर?"

"मायबाई!" प्रमिलाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "गुरुजी तर आपल्यावानी बोलते!"

"गुरुजी, मी तर शुद्ध बोललो न!" पुंडलिकराव रडकुंडीला आले. "जिथं ले, तिथं ला!"

"कोन्या गाढवानं सांगतलं तुले? मंग तुह्या बापालेही 'बाप गेला' म्हनशीन काय?"

"गेलाच न थो. सत्त्याहत्तर सालीच गेला."

"याले सातवीत तीन वर्सं ठेवलं थे कमी झालं!"

"तुमीच ठेवलं न! माह्या भावालेही ठेवलं! आमच्या घरावर डोळाच होता तुमचा!"

मग काय, अंगण पेटलं. ज्याला ज्याला दत्तोपंतांनी नापास केलं होतं तो तो बोलू लागला. ज्यांना पास केलं होतं तेही बोलू लागले, की पास करून काय फायदा झाला. प्रमिलाबाईंनी यात नळाचा विषय घुसवला. इकडे टेप चालूच होता आणि त्यातून म्हैस ओरडली. घोगरी, लांब, मधेच श्वास अडकणारी.

"थांबा थांबा," प्रमिलाबाई म्हणाल्या. "हा आवाज मी वीस वर्सं भिंतीपलीकडून ऐकून राह्यली. हे गजेंद्रभाऊ हाये!"

"रक्षे!" गजेंद्रभाऊ ओरडले. "मले म्हैस केलं? सोताच्या बापाले? उद्याच डी.एड.चा फॉर्म आनतो! उद्याच!"

दत्तोपंतांनी सही न करता फॉर्म स्टुलावर आपटला आणि निघून गेले. कोणी 'गेला' म्हणालं नाही आणि 'गेले' म्हणायचीही हिंमत केली नाही.

सगळे पांगल्यावर रक्षा स्टुलाजवळ बसून राहिली. तिला कशाचं वाईट वाटत होतं ते आम्हाला नंतर कळलं. बापाच्या रागाचं नाही. जी बोली ती महिनाभर शोधत होती, ती मोहल्ल्यानं पंधरा मिनिटं तिच्यासमोर ओतली होती, एकदम अस्सल. आणि टेप तिच्याकडे एकच होता, तो ऐकवायला लावलेला. एक शब्द भरला गेला नव्हता.

सोमवारी सकाळी प्रभाकररावांच्या पत्नी, सुमित्राबाई, तरातरा गजेंद्रभाऊंच्या घरी आल्या. हातात कॅसेट होती. मागून प्रभाकरराव पळत येत होते.

"घे वं तुमच्या मोहल्ल्याचं भांडन!" सुमित्राबाईंनी कॅसेट रक्षाच्या पुढ्यात टाकली. "माह्या भावाच्या वरातीचा बँड होता याच्यात. या मानसानं पिशवीत टेप लपवून कालचं सारं त्याच्यावर भरून ठेवलं!"

"पुरावा होता थो!" प्रभाकरराव धापा टाकत म्हणाले.

"कायचा पुरावा?"

"थे अजून ठरलं नोतं."

रक्षानं कॅसेट लावली. कापसातून आल्यामुळे आवाज थोडा मऊ होता, पण सगळं होतं. पुंडलिक्या होता, सत्त्याहत्तर सालचा बाप होता, नळ होता, म्हैस होती. प्रभाकररावांनी घाईत बटण सोडलं तिथे भांडण संपत होतं आणि एकदम सुमित्राबाईंच्या भावाच्या वरातीचा बँड सुरू होत होता. रक्षानं दोघांचा निरोप न घेताच शेजारून दुसरा टेप आणला, सुरुवातीला पोह्यांचा पाऊस जोडला आणि बाकी कशालाच हात लावला नाही. बँड तोडायला वेळच नव्हता.

दुपारी ती परत दत्तोपंतांच्या दारात. गुरुजींनी आधी खिडकीतून पाहिलं, मग रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं, मग दार उघडलं. पूर्ण कॅसेट त्यांनी डोळे मिटून ऐकली.

"हा रागावलेला आवाज कोणाचा आहे?" त्यांनी एकदम शुद्ध आवाजात विचारलं.

रक्षाला कळलं की सगळं या उत्तरावर आहे.

"एका पात्राचा हाये, गुरुजी."

"पात्राचं नाव?"

"रागावलेला म्हातारा."

"बरा करतो काम," दत्तोपंत म्हणाले. "पण अतिशय असंस्कृत माणूस दिसतो."

त्यांनी पेन काढलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'सदर ध्वनिफितीतील बोली अस्सल याच गावची आहे. त्यातील रागावलेला आवाज माझा नाही.' खाली सही, शिक्का.

"शेवटचं वाक्य लागत नाई, गुरुजी."

"लागतं. आणि 'नाई' नाही, 'नाही'."

मंगळवारी रक्षा स्वतः नागपूरला जाऊन कॅसेट देऊन आली. तीन आठवडे गजेंद्रभाऊ तिच्याशी बोलले नाहीत. दुपारची झोपही त्यांनी सोडली, कारण डोळा लागला की घरातलं कोण काय भरून घेईल याचा भरवसा राहिला नव्हता. डी.एड.ची माहितीपुस्तिका गल्ल्याशेजारी आणून ठेवली होती.

मग पत्र आलं. श्रुतिका निवडली होती. परीक्षकांना म्हशीचा आवाज 'कमालीचा वास्तव' वाटला होता. भांडणाच्या शेवटी अचानक बँड वाजवण्याची कल्पना तर 'समाजावरचं मार्मिक भाष्य' ठरली होती. प्रभाकररावांनी हे पत्र तीनदा वाचून घेतलं, कारण भाष्य आपण केलं आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. खाली मात्र आणखी दोन ओळी होत्या. श्रुतिका स्टुडिओत नव्यानं भरायची आहे. तरी 'रागावलेला म्हातारा' ही भूमिका करणाऱ्या कलावंतासह सोमवारी हजर राहावे, अन्यथा निवड रद्द समजावी.

रक्षा पत्र घेऊन धावत दत्तोपंतांकडे गेली. त्यांनी वाचलं, घडी घातली, परत दिलं.

"मी लेखी दिलं आहे की तो मी नाही," ते म्हणाले. "माझी सही आहे. शिक्का आहे."

"गुरुजी, तुमच्याशिवाय मले डी.एड.ले बसा लागते."

"'मला'," असं म्हणून त्यांनी दार लावलं.

सोमवारी सकाळी स्टेशनवर अर्धा मोहल्ला होता. रक्षाला निरोप द्यायचा होता की परत आणायचं होतं, हे नक्की नव्हतं. गजेंद्रभाऊंनी शर्टाच्या खिशात माहितीपुस्तिका घडी करून आणली होती. रक्षा एकटी बाकावर बसली होती, म्हातारा आजारी आहे असं काहीतरी सांगून पाहू, अशी तिची तयारी चालली होती. नागपूरकडे जाणारी पॅसेंजर सिग्नलपाशी दिसली, आणि तिकीटखिडकीकडून दत्तोपंत आले. इस्त्रीचा सदरा, हातात छत्री, काखेत पिशवी.

"गुरुजी, कुठं?" पुंडलिकरावांनी विचारलं. जीव मुठीत धरून विचारलं, क्रियापद न वापरता.

"जावयाकडे."

"जावाई तर अमरावतीले हाये तुमचा," प्रभाकरराव लगेच म्हणाले. "अमरावतीची गाडी तिकडच्या फलाटावर येते."

"मी या बाजूनं जातो," दत्तोपंत म्हणाले. "इकडून गर्दी कमी असते."

गाडी आली. रक्षा एका डब्यात चढली. गुरुजी तिच्याकडे न पाहता शेजारच्या डब्यात चढले. गजेंद्रभाऊंनी खिशातली पुस्तिका काढली, पाहिली आणि काय करायचं न कळून तिनं वारा घेऊ लागले. गाडी हलली, तेव्हा आम्ही खिडकीतून पाहिलं. दत्तोपंतांच्या समोरचा बाक रिकामा होता. आणि गुरुजी त्या रिकाम्या बाकाकडे बोट रोखून, मान हलवून, डोळे वटारून कोणाला तरी झाडत होते.

"कोनावर चिडून राह्यले?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. नक्कीच आपल्यापैकीच कोणीतरी असणार.